नंबर बरोबर होता

नंबरआबा कुठेही बसण्याआधी खाली वाकून बघायचे. खुर्ची असो, हॉटेलातलं बाकडं असो की लग्नाच्या मांडवातला सोफा, एक हात गुडघ्यावर ठेवून ते डोकावायचे, पायांचे बोल्ट बघायचे, एखाद्यावर अंगठा फिरवायचे आणि मगच टेकायचे. बोईसर स्टेशनच्या पुलावर लोखंडी जोडापाशी थांबून राहायचे आणि मागचे लोक कुरकुरत बाजूने निघून जायचे. माझ्या धाकटीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्याच्या कड्या त्यांनी इतका वेळ तपासल्या, की सासूबाईंनी मला आत बोलावून विचारलं, "हे सुतार आहेत का गं?" मी हसले. तेव्हा आम्ही सगळेच त्यांना हसायचो.

मी मूळची कराडकडची. नवऱ्याला तारापूरच्या वीज केंद्रात एका कंत्राटदाराकडे काम लागलं आणि आम्ही बोईसरला बिऱ्हाड केलं. काही वर्षांनी मलाही नोकरी मिळाली, परदेशातून नट-बोल्ट मागवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे. औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी पत्र्याचं गोदाम आणि त्यावर दोन खोल्या. खाली गोण्या, वर कागद. वरच्या खोलीत खिडकीशी लांब टेबल होतं, त्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून नमुने मांडलेले, आणि टेबलामागे आबा. साठीच्या आसपासचे, सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मुरब्याला त्यांची नारळाची छोटी वाडी होती. तिथून रोज सकाळी टमटमने यायचे. खालचे कामगार त्यांना 'नंबर चाचा' म्हणत, आम्ही नंबरआबा.

त्यांचं काम नंबर देण्याचं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या यादीत आठ आकडी नंबर असतो. नंबर ठरला की कर ठरतो, नियम ठरतात, माल बंदरातून सुटणार की अडकणार तेही ठरतं. पहिल्या दिवशी आबांनी माझ्या तळहातावर पाच-सहा तुकडे ठेवले आणि म्हणाले, "यांची नावं सांगा, बाय." मी म्हटलं, "स्क्रू." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग एकेक तुकडा बोटात धरून दाखवत गेले. हा लाकडात जाणारा, याचा नंबर वेगळा. हा पत्र्यात स्वतःचा आटा स्वतःच पाडत जाणारा, याचा वेगळा. ही चकती साधी, आणि ही एका जागी कापलेली, दाबली की उसळणारी, हिचा वेगळा. खिळा तर या कुटुंबातलाच नाही. माझ्यासारखीला जो नुसता लोखंडाचा कचरा दिसायचा, त्यात त्यांना एकेकाचा चेहरा दिसायचा.

"कुटं बसतंय ते इचारू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "काय हाय ते बगा." बोल्ट पंपात बसो की पिठाच्या गिरणीत, यादीच्या नियमाने तो बोल्टच राहतो. लोक फसतात ते तिथेच, असं ते म्हणायचे. एकदा पितळी स्क्रू म्हणून मोठा माल आला. कागद चोख होते. आबांनी एका स्क्रूवर कानस मारली, तर पिवळ्या रंगाखाली राखाडी लोखंड. त्यांनी चुंबक लावलं, स्क्रू टपकन चिकटला. त्यांनी शेठना फोन केला आणि एवढंच म्हणाले, "पितळ नाय शेठ, पितळेचं पाणी हाय." कागद दुरुस्त झाले, माल सुटला. त्या दिवशी मला वाटलं, या माणसाच्या हातून चूक होणं शक्य नाही.

आणि तरी त्यांच्यात काहीतरी बिनसलेलं होतं. काम करता करता ते मधेच थांबायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "नंबर बरोबर होता." हात धुताना, डबा उघडताना, एकदा तर भर टमटममध्ये, शेजारी बसलेल्या कोळणीने वळून बघितलं इतक्या मोठ्याने. मला आधी वाटलं, जुनं काम मनात पडताळत असतील. पण पडताळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कुठेतरी शेवट येतो. यांच्या चेहऱ्यावर तो कधी यायचा नाही.

दुपारी तीनला आबा चहाला जायचे. आमच्या गोदामाखाली टपरी होती, तिथे नाही. दहा मिनिटं चालत, एका कारखान्याच्या गेटाशी शोभाताईची गाडी लागायची, तिथे. शोभाताई जालन्याकडची, पन्नाशीला आलेली, रुंद हाताची बाई. तिचा नवरा त्याच कारखान्यात फिटर होता आणि कामावर असताना गेला, एवढं मला ठाऊक होतं. दर सोमवारी आबा वाडीतली दोन शहाळी तिच्या गाडीवर ठेवायचे, चहा घ्यायचे, अर्धा प्यायचे, अर्धा ग्लासात ठेवून परत निघायचे. बोलायचे काहीच नाहीत. एकदा मी सोबत होते. परत येताना विचारलं, "आबा, इतक्या लांब अर्ध्या चहासाठी?" ते म्हणाले, "चालणं होतं, बाय."

मग परदेशी बोल्टांबद्दल नवा नियम आला. मानकाचा शिक्का असल्याशिवाय माल आत येणार नाही. आमच्या शेठनी बिनशिक्क्याचा एक कंटेनर आधीच मागवून ठेवलेला. एका सकाळी ते स्वतः जिना चढून वर आले, आबांसमोर खुर्ची ओढून बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आबा, हा माल बोल्ट म्हणून दाखवायचा नाही. पॅकिंग मशिनचे पार्ट म्हणून दाखवा."

"बोल्ट हायत, शेठ."

"अहो, कागदावर म्हणतोय मी."

"कागदावर बी बोल्टच हायत."

शेठ माझ्याकडे वळले. "ताई, पासवर्ड तुमच्याकडे आहे ना? तुम्ही भरा. दुपारपर्यंत झालं पाहिजे." आणि खाली निघून गेले.

नवऱ्याच्या कंत्राटदाराचं काम त्याच महिन्यात संपत होतं. पुढे काय, कुणालाच माहीत नव्हतं. हे मी स्वतःला सोडवून घ्यायला सांगत नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं म्हणून सांगते. मी कॉम्प्युटर उघडला आणि आकडे भरायला लागले. बोल्टांचा नंबर त्र्याहत्तरने सुरू होतो, मशिनच्या पार्टचा चौऱ्याऐंशीने. मी आठ टाकला, चार टाकला. आबा समोरून बघत होते. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते उठले आणि म्हणाले, "बाय, दोन मिंटं गच्चीवर चल."

तोपर्यंत ते मला अहो-जाहो करायचे. 'चल' म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहून त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच क्रमाने सांगते. अकरा वर्षांपूर्वी ते दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. तो व्यापारी आता धंदा गुंडाळून गेला. तेव्हा जाड, भारी ताकदीच्या बोल्टांचा एक माल आला. आबांनी नमुना हातात घेतला. डोक्यावर ताकदीचा आकडा कोरलेला होता, पण बनवणाऱ्याची खूण नव्हती, आणि आकडाही वाकडा उमटलेला. त्यांनी कानस मारली. चांगल्या बोल्टावर कानस घसरते, ही आत शिरली. आबा मालकाकडे गेले आणि म्हणाले, माल नरम वाटतोय. मालकाने विचारलं, "नरम असला तर तुमचा नंबर बदलतो का?"

"नाय बदलत," आबा मला म्हणाले. "नरम असू दे, कडक असू दे, नंबर त्योच. मी खरं तेच सांगितलं. मंग तो बोलला, तुमी तुमचं काम करा. मी नंबर भरला. नंबर बरोबर होता, बाय."

चार-पाच महिन्यांनी एका कारखान्यातला लोखंडी प्लॅटफॉर्म खाली आला. त्यावर एक फिटर काम करत होता. चौकशी झाली, प्लॅटफॉर्मवर वजन जास्त झालं होतं असं ठरलं आणि प्रकरण मिटलं. आबा मात्र भंगाराच्या आवारात गेले, कुणी न सांगता. तुटलेल्या लोखंडाच्या ढिगात त्यांना बोल्टांची डोकी मिळाली. वाकडा उमटलेला आकडा, शेजारी खूण नाही. त्यांनी ती पुन्हा ढिगात टाकली आणि घरी गेले. कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तो फिटर म्हणजे शोभाताईचा नवरा.

"मी खोटं लिवलं असतं ना," ते म्हणाले, "तर बरं झालं असतं. माणूस खोट्याची माफी मागतो. मी खरं लिवलंय. कशाची मागू?"

मी खाली आले. पडद्यावर माझे दोन आकडे तसेच होते. ते मी पुसले.

दुपारी शेठना आम्ही दोघांनीही नाही म्हणून सांगितलं. ते ओरडले नाहीत, फाइल उचलून बंदरातल्या दुसऱ्या एजंटाकडे पाठवून दिली. मग आबांनी जे केलं ते मला जमलं नसतं. त्यांनी कोऱ्या कागदावर कस्टमला पत्र लिहिलं, खाली आपलं पूर्ण नाव, गाव, पत्ता घातला, कापडाच्या पुरचुंडीत दोन नमुने बांधले आणि स्वतः जाऊन देऊन आले. कंटेनर उघडला गेला. मशिनचे पार्ट म्हणून आलेल्या पेट्यांतून बोल्ट निघाले आणि माल अडकला. दुसऱ्या दिवशी आबांची नोकरी गेली. मला कुणी काढलं नाही. पण त्या खिडकीशी आता रिकामं टेबल होतं, त्याच्याकडे बघत मी महिना काढला आणि नोकरी सोडली. पुढे एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागले, आजही तिथेच आहे.

नोकरी गेल्यावर आबा मुरब्याला बसतील असं वाटलं होतं. आठवड्याने ते माझ्या दारात उभे. "तू चलशील का?" एवढंच म्हणाले. कुठे, ते मला कळलं.

शोभाताईच्या गाडीवर तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. पाळी सुटायला वेळ होता. तिने आबांना बघून ग्लास काढला. आबा म्हणाले, "च्या नको. ऐका." आणि गच्चीवर मला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी तिला सांगितलं, एक शब्द न गाळता. मालकाचा प्रश्न सांगितला, स्वतःचं उत्तर सांगितलं, भंगारातली डोकी सांगितली. मी गाडीची कड धरून उभी होते. शोभाताई हातातल्या फडक्याने एकच ग्लास पुसत राहिली.

ते थांबले तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुम्ही कायतरी सांगायला येता. चहासाठी आलेला माणूस चहा पुरा पितो."

आबांनी मान खाली घातली. त्यांना वाटत असावं की ती आता शिव्या देईल, गरम पाणी फेकेल किंवा निदान रडेल. त्यांची तयारी त्याचीच होती. अकरा वर्षांची तयारी होती. तिने स्टोव्ह बारीक केला आणि विचारलं, "त्या मालातले बाकीचे बोल्ट कुठं हायत?"

आबांनी वर बघितलं.

"एका प्लॅटफॉर्मला किती लागले असतील? माल तर गोण्यांनी आला असंल. बाकीचे कुठं गेले?"

त्या क्षणाचा आबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. रात्रंदिवस ज्या एका माणसापाशी ते घुटमळत होते, त्याच्या पलीकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. नावं ओळखणारा, नमुन्याची नस पकडणारा हा माणूस, आणि हा साधा प्रश्न त्याला पडला नव्हता.

"माझा गेला," शोभाताई म्हणाली. "तुम्ही येऊन त्याच्यासाठी अर्धा चहा ठेवता. त्याचा मला काय उपेग? खाली आज कुणीतरी उभं असंल, ते बघा ना."

त्या दिवसापासून आबांचं पुटपुटणं थांबलं. त्याऐवजी ते विचारू लागले. जुन्या व्यापाऱ्याचे कागद राहिले नव्हते, पण त्याचा टेम्पोवाला अजून बोईसरमध्येच टेम्पो चालवत होता. तो म्हणाला, "चाचा, वो माल याद है मेरे को. भारी था, गोनी फट जाती थी. कहाँ कहाँ उतारा, बताता हूँ." त्याने आठवून आठवून सांगितलं, आबांनी शाळेच्या वहीत लिहून घेतलं. कारखान्यांची नावं, शेडच्या खुणा, दोन गॅरेजं, पालघरकडच्या रस्त्यावरचं एक गोदाम. मग ते एकेक गेट गाठायला लागले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कानस आणि स्वतः पारखून घेतलेले खूणवाले बोल्ट.

गेटावर वॉचमन विचारायचा, "किस कंपनी से?" आबा सांगायचे, "किसी से नहीं." बहुतेक ठिकाणी तिथूनच परत पाठवत. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. एका मॅनेजरने त्यांना वेडा ठरवून हाकललं, आणि संध्याकाळी त्याच कारखान्यातला फोरमन मुरब्याला त्यांच्या घरी आला. म्हणाला, "आबा, जिन्याचे बोल्ट बघितले मी. आकडा वाकडा आहे. उद्या सुट्टी आहे, येता का?" तो जिना त्यांनी उभं राहून बदलून घेतला. सुटीच्या दिवशी कधी कधी मी जायचे. शोभाताई यायची नाही, पण परतताना आबा तिच्या गाडीवर थांबायचे आणि ती फक्त विचारायची, "आज?" ते सांगायचे, "निगाले," किंवा, "नाय घेतलं आत." तिने त्यांना माफ केल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यांनीही मागितली नाही.

काही ठिकाणी बोल्ट सापडलेच नाहीत. काही शेड पाडून नव्या उभ्या राहिल्या होत्या. तिथे आबा अस्वस्थ व्हायचे. "गेले कुटं मंग?" असं मलाच विचारायचे. वर्षभर हे चाललं. मग त्यांना धाप लागायला लागली. टमटममधून उतरलं की मिनिटभर उभं राहावं लागायचं. डॉक्टरांनी फिरणं बंद केलं. मी मुरब्याला भेटायला गेले तर ते ओट्यावर उशीला टेकून होते, वाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता आणि त्यांच्या पत्नी, काकी, आत भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी काकींकडून वही मागवली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"चार जागा राहिल्यात," ते म्हणाले. "तुला सांगत नाय, जा म्हणून. तुला पोरीबाळी हायत."

"मग वही कशाला देताय?"

ते श्वास जमवत होते. मग म्हणाले, "माझ्या हातात राहिली तर माझ्यासंगं जळेल, बाय."

दहा-बारा दिवसांनी ते गेले. शोभाताई त्या दिवशी गाडी बंद ठेवून मुरब्याला आली होती. बायकांत बसली नाही, कुणाशी बोलली नाही. वाडीच्या कुंपणाशी उभी राहिली आणि नेल्यावर निघाली. जाताना मला म्हणाली, "वही तुमच्यापाशी हाय ना?" मी हो म्हटलं. "मग बसून नका राहू."

मी बसून राहिले, खरं सांगायचं तर. चार महिने वही कपाटात होती. कपाट उघडलं की ती दिसायची आणि मी कपडे काढून पटकन दार लावायचे. या घरात राहताना, जेवताना, मुलींचा अभ्यास घेताना कुठल्या तरी चार छपरांखाली माणसं येत-जात होती, आणि ते ठाऊक असणारी जिवंत माणसं आम्ही दोघीच होतो. शेवटी एका सुटीला मी वही पिशवीत टाकली.

पहिल्या जागी वॉचमनने विचारलं, "मॅडम, किस कंपनी से?" मी आमच्या ट्रान्सपोर्टचं नाव सांगून आत शिरले. आबांना ते पटलं नसतं. तिथे सगळे बोल्ट खूणवाले निघाले. दुसऱ्या जागी काही उरलं नव्हतं. तिसऱ्या जागी, कापड रंगवणाऱ्या एका डायिंगच्या शेडमध्ये, डोक्यावरून जाणाऱ्या लोखंडी वाटेला ते मिळाले. वाकडा आकडा, शेजारी खूण नाही. मॅनेजर भला होता, त्याने लगेच फिटर बोलावला. काम सुरू होण्याआधी मी खाली बघितलं. त्या वाटेच्या बरोबर खाली एक माणूस भिंतीला पाठ लावून पोळी-भाजी खात बसला होता. तिथे पंख्याचा वारा येतो, तो रोज तिथेच बसतो, असं फिटर म्हणाला. आम्ही त्याला उठायला सांगितलं. तो डबा घेऊन तीन पावलं सरकला आणि पुन्हा खायला लागला.

"क्या हुआ?" त्याने घास चावता चावता विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हटलं.

वहीत चौथ्या जागेपुढे नाव नाही. टेम्पोवाल्याला आठवलं नव्हतं. त्याच्या शब्दांत आबांनी एवढंच लिहून ठेवलंय: 'एक गोणी, रस्त्यावर उतरवली, माणूस ओळखीचा नव्हता.' मी त्या टेम्पोवाल्याला पुन्हा दोनदा भेटले. तो डोकं हलवतो. गेल्या आठवड्यात मी ती ओळ शोभाताईला दाखवली आणि म्हटलं, ही काही सापडायची नाही, आता ही खोडून टाकू या का?

तिने उकळत्या चहावरून मान वर केली नाही.

"राहू द्या," ती म्हणाली.